पाणी जरा पांढरं करा

बुधवारी पाणी नाही, असा सोसायटीचा फळा.
पिंप भरलं, बादल्या भरल्या, पातेलीसुद्धा,
आणि टेबलावर, टीपकागदांच्या चळतीशेजारी,
एक धबधबा,
दहा इंच बाय चौदा.

मिस्किटा वकील काल चरईतून स्वतः घेऊन आले,
साडीच्या खोक्यात घालून.
म्हणाले, बाई, ते तपकिरी डाग तेवढे काढा,
आणि पाणी जरा पांढरं करा.

पाणी पांढरं कसं करू?
तिथे रंगच नाही.
कड्याला काजळी, झाडीला निळीवर पिवळा,
खालच्या डोहाला पातळ करड्याचे तीन हात,
आणि मधे, जिथे एवढा आवाज आहे,
तिथे त्याने नुसता ब्रश उचललाय.
उरलेला कागद म्हणजे पाणी.
दोनशे वर्षांत कागद पिवळला
आणि धबधबा गढूळ झाला, इतकंच.

मागे पेन्सिलीने:
टान्नापासून दोन मजला, घाटाखाली, १८२
पुढचा आकडा कुणीतरी कापलाय
सोनेरी चौकटीत बसवायला.
सहीचंही तेच, एक शेपूट उरलंय.
कुठला धबधबा, ते शोधायला मी गेले नाही.
खिडकीतून येऊरकडे पाहिलं फक्त.
एप्रिलचा डोंगर,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा.

खोपटच्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला.
तो म्हणाला, ताई, इन्व्हर्टर केवढा तुमचा?
म्हटलं, दहा बाय चौदा.

प्रत्येक रंगाला आधी विचारावं लागतं,
कापसाच्या बोळ्याने, मोहरीएवढं ओलं करून:
सुटतोस का?
करडा नाही म्हणाला. हिरवा नाही.
खडकावरच्या माणसाचा तांबडा ठिपका मात्र
लगेच बोळ्याला लागला.
केवढासा तो. पागोटं असेल,
किंवा कडा किती उंच हे कळावं म्हणून
उभं केलेलं माप.
त्याला मेणाखाली झाकून ठेवला.

मग दिवा मालवून तिरपी टॉर्च धरली.
चाकूच्या टोकाने कागद खरवडून काढलेले तुषार दिसले,
इतके बारीक की बोटाला कळावेत, डोळ्याला नाही.
आणि डावीकडे वर, आभाळात,
एक गोल.
हा बुरशीचा नव्हे.
रंग ओला असताना वरून पडलेला थेंब,
कडेने रंग सरकून जमलेला,
मधे फिकट.

म्हणजे छत्री होती.
म्हणजे छत्री धरणारा होता,
ओल्या दगडावर, साहेबाच्या मागे,
तुषारांकडे तोंड करून, किती वेळ कोण जाणे.
एकदा त्याचा हात भरून आला.
एकदाच.
चित्रात तो एवढाच आहे.

ओल्या टीपकागदावर चित्र निजवलं.
दुपारभर खालचा कागद पिवळं ओढत राहिला,
पहिला लिंबाच्या लोणच्यासारखा, दुसरा फिका चहा.
पंखा बंद. घाम नाकावरून पडू नये म्हणून
कपाळाला रुमाल.
चारच्या सुमाराला कड्याच्या मधोमध
एक पट्टा उजळायला लागला,
वरून हळूहळू,
कुणी लांब कुठेतरी बांध फोडल्यासारखा.
मी काहीही घातलं नव्हतं.
तरी दोन पावलं मागे सरले.

सातला नळ खोकला,
आधी हवा, मग गंज, मग पाणी.
पातेली रिकामी करताना वकिलांचा फोन.

डाग गेले?
गेले.
सगळे?
एक ठेवलाय. तो डाग नाही.
मग काय आहे?
म्हटलं, कुणाचा तरी हात दुखला होता.

पलीकडे बराच वेळ नुसता त्यांचा श्वास,
आणि मागे टीव्ही.
मग म्हणाले,
बरं. पण बिलात त्याचे धरू नका.